यादीत नसलेली ओटी

पुरणयंत्राला अमेरिकन सरकारच्या भाषेत काय म्हणतात, ते डॅलसजवळच्या आमच्या अख्ख्या प्लेनोत बहुधा मला एकटीलाच पाठ असेल. ‘अन्न तयार करण्यासाठी वापरायचं, हाताने चालणारं, दहा किलो किंवा त्याहून कमी वजनाचं यांत्रिक साधन.’ माझ्या नवऱ्याला, दिलीपला, हे वाक्य इतकं आवडलं आहे की होळीच्या आदल्या दिवशी तो गंभीर चेहऱ्याने विचारतो, ‘ते साधन माळ्यावरून काढून देऊ का?’

मी कस्टम्स ब्रोकर आहे. आता अर्धीमुर्धी निवृत्त झाले आहे, पण लायसन्स अजून भिंतीवर टांगलेलं आहे आणि फोनही वाजतो. या धंद्यात कशी आले ते सांगत बसत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या नागपूरच्या बाईने रिकामं बसवेना म्हणून जे मिळालं ते धरलं, एवढंच. काम मात्र समजावून सांगते, कारण मंडळाच्या गणपतीत भेटणारी माणसं मला अजूनही ‘एअरपोर्टवर बॅगा तपासता ना?’ असं विचारतात.

बॅगा तपासणारे वेगळे. परदेशातून विकायला माल आला की तो सरळ मालकाच्या हाती पडत नाही. आधी सरकारला सांगावं लागतं की ही वस्तू काय आहे, कशाची आहे, कुठे बनली आणि केवढ्याला पडली. जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंना आकड्यांची नावं दिलेली आहेत. तुमची वस्तू कोणत्या आकड्यात बसते त्यावर तिची ड्यूटी ठरते. मालकाच्या वतीने हे सगळं सरकारपुढे मांडायचं, आणि सरकार जे म्हणेल ते मालकाच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. दोन्हीकडून बोलणी खायची सवय हवी. ती मला माहेरीच लागली होती.

या कामात माल कमी आणि शब्द जास्त त्रास देतात. एका गृहस्थांनी पितळी समया मागवल्या होत्या. कोऱ्या करकरीत समया, पण कागदावर लिहिलं होतं ‘अँटिक’. अधिकाऱ्याने विचारलं, ‘शंभर वर्षांपेक्षा जुन्या आहेत का? असतील तर त्या भारतातून बाहेर आल्या कशा? आणि नसतील तर हे का लिहिलंय?’ मी गृहस्थांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘मॅडम, अँटिक ही स्टाइल आहे यार! वेबसाइटवर तसं लिहिल्याशिवाय कोणी क्लिक करत नाही.’ त्या समया नव्या आहेत हे सिद्ध करायला मला त्या बनवणाऱ्या कारागिराकडून पत्र आणावं लागलं. नवेपणाचा दाखला मागणारी बाई त्याने जन्मात पाहिली नसेल.

माझी जुनी गिऱ्हाइकं अशी होती. कंटेनर भरून टाइल्स, चादरी, शर्ट आणणारी, दिवाळीला काजूकतलीचा डबा पाठवणारी. मग फोनवरची दुकानं आली आणि हळूहळू ही मंडळी विरळ झाली. भारतातली बाई कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या बाईला थेट साडी विकायला लागली. मध्ये ना आयातदार, ना गोदाम, ना मी. आठशे डॉलरच्या आतलं पार्सल असेल तर ड्यूटी पडत नव्हती आणि ब्रोकरही लागत नव्हता. माझी क्युपर्टिनोची मैत्रीण सोफ्यावर बसल्या बसल्या साड्या मागवायची आणि वर मलाच फोटो पाठवून विचारायची, ‘कशी आहे गं?’ मी ‘छान’ म्हणायचे आणि मनातल्या मनात दुकान आवरायला घ्यायचे.

मग वारं फिरलं. सरकारने ती सवलत काढून टाकली. पार्सल केवढंही असो, ड्यूटी लागणार. आपल्याकडच्या टपालाने तर काही दिवस अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. टॅरिफचे दर असे बदलायचे की सकाळी गिऱ्हाइकाला सांगितलेला दर दुपारी पुन्हा तपासून घ्यायची मला सवय लागली. काही छोटी दुकानं बंद पडली ती पडलीच. कोल्हापूरच्या एका जोडप्याला मी ‘सहा महिने थांबा’ असा सल्ला दिला होता, त्यांना तेवढं थांबता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे. पण ज्यांना तगायचं होतं ते माझ्यासारख्यांना शोधत आले. ‘नमस्कार मॅडम, कस्टम म्हणजे काय असते?’ असे मेसेज यायला लागले. उठत आलेलं दुकान पुन्हा मांडायला मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंद झाला.

त्यातच एक फोन आला प्रमिलाताईंचा.

प्रमिलाताई भंडाऱ्याजवळच्या एका गावच्या. तिकडे कोशाच्या रेशमाच्या साड्या विणतात, ज्याला आम्ही नागपूरकडचे नुसतं ‘कोसा’ म्हणतो. त्यांचे यजमान विणकर होते. ते गेल्यावर ताईंनी घरचा माग चालू ठेवला, गल्लीतल्या इतर मागांवरच्या साड्याही विकायला घेतल्या, आणि पुतण्याकडून फोनवर दुकान काढून घेतलं. त्यांचे व्हिडिओ मी नंतर पाहिले. दाराच्या चौकटीला साडी अडकवायच्या आणि कॅमेऱ्याला दटावायच्या, ‘रंग नीट दाखव, नाई तर बाई म्हणन का फसवली.’ अमेरिकेत त्यांच्या साड्या चांगल्या खपत होत्या. आता पार्सलं बंद पडल्यामुळे गल्लीतले माग हळूहळू थांबत होते.

‘ताई, तुमी नागपूरच्या ना?’ त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं. ‘मंग सांगा मले सरळ. दुकान बंद करू का चालू ठेवू?’

मी त्यांना सरळ सांगितलं. एकेक साडी पाठवणं आता परवडायचं नाही. ऑर्डरी जमू द्या, सगळ्या साड्या एकदम विमानाने डॅलसला पाठवा, रीतसर ड्यूटी भरा आणि इथल्या गोदामातून घरोघर रवाना करा. परदेशातल्या दुकानदारालाही जामीन देऊन स्वतःच्या नावाने माल आणता येतो, ती व्यवस्था मी करते.

‘हाव, म्हंजे वरात एकाच गाडीनं आणाची, आन पाहुणे मंग इथून ज्याच्या त्याच्या घरी सोडाचे,’ त्या म्हणाल्या. पुस्तकात हे समजावून सांगायला चार पानं घेतली आहेत. मग त्यांनी विचारलं, ‘पण डब्बे मीच भरीन ना? माझ्या हातानं?’

‘तुम्हीच भरा,’ मी म्हटलं. मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

माल आला आणि अडकला. रेशमी साड्या अडकल्या तर किमतीवरून अडकतील किंवा ‘मेड इन इंडिया’ची चिठ्ठी नाही म्हणून. पण कॉम्प्युटरवर दिसत होतं, ‘शेती तपासणी’. साडीचा आणि शेतीचा काय संबंध, असं म्हणत मी विमानतळाजवळच्या गोदामात गेले. तिथे कामगारांचं नारिंगी जाकीट घातल्याशिवाय आत सोडत नाहीत, ते चढवलं.

तपासनीस बाई माझ्याच वयाची, उंच, टेक्सासच्या उन्हाने रापलेली. तिने टेबलावर एक डबा उघडून ठेवला होता. डब्यात साडी, साडीवर घडी घातलेला खण, आणि खणाच्या पोटात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि कुंकवाची पुडी. तिने दुसरा डबा उघडला. तिसरा उघडला. सगळीकडे तेच. त्या पत्र्याच्या गोदामात चिन्नोर तांदळाचा वास सुटला होता. भंडाऱ्याकडचा हा तांदूळ, आमच्या घरी सणालाच शिजायचा. मला एकीकडे घाम फुटला आणि दुसरीकडे भूक लागली.

‘तांदूळ,’ ती म्हणाली. ‘प्रत्येक डब्यात. तुमच्या कागदांवर कुठेच नाही.’ आणि मग एक शब्द उच्चारला, ‘खाप्रा.’

खापरा भुंगेरा. साठवलेल्या धान्याचा सत्यानाश करणारा किडा. अमेरिकेला त्याची एवढी धास्ती आहे की जिथे तो आढळतो त्या देशातून कोणी असा मूठभरही तांदूळ आणायचा नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यात आपल्याकडचा एक शब्द जसाच्या तसा गेला आणि तो निघाला किड्याचा! पण तेव्हा हसायची सोय नव्हती.

गोदामाच्या दारातूनच मी प्रमिलाताईंना फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ होती. ‘अहो, डब्यात तांदूळ कशाला घातले? आणि यादीत का नाही लिहिले?’

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. ‘तांदूळ नाई जी, ओटी आहे ते. नुसती साडी कशी द्याची बाईले?’

‘पण यादीत...’

‘यादी मालाची मागतली होती तुमी. माल साडी आहे. ओटी का कोणी विकते?’

पूर्वी एकेक पार्सल टपालाने यायचं तेव्हाही त्या हेच करत होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गिऱ्हाइकांना तर ते भारीच आवडायचं. एका अमेरिकन बाईने त्यांच्या दुकानाखाली लिहिलं होतं की साडीबरोबर सुवासिक दाण्यांची सुंदर पुडी मिळते, मी ती कपाटात ठेवली आहे. पाच तारे दिले होते तिने. त्या कपाटाचा पत्ता मी तपासनीस बाईला अर्थातच सांगितला नाही.

तिने मला रीतसर सांगितलं की हा माल परत पाठवता येईल किंवा जाळता येईल. माझा चेहरा पाहून मात्र तिने पुढचंही सांगितलं. तिसराही मार्ग होता. तिच्या देखरेखीखाली प्रत्येक डबा उघडून दाणा न् दाणा काढायचा, तो जाळायचा आणि साड्या सोडवायच्या. पण त्यासाठी दुकानदाराने लेखी हमी द्यायला हवी की यापुढे असं होणार नाही. उद्या काम संपेपर्यंत हमी हातात पडली नाही तर साड्या परत जातील. आणि पुन्हा दाणा सापडला तर या नावाने येणारा माल दर वेळी असाच अडकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. गोदामाची दोन माणसं, तपासनीस बाई आणि मी. डबा उघडायचा, खण झटकायचा, घडीत बोट फिरवायचं, दाणे पिवळ्या पिशवीत टाकायचे. सुपारी, हळकुंड त्याच पिशवीत. कुंकू म्हणजे सौंदर्यप्रसाधन, त्याचं खातं निराळं, म्हणून तेही बाजूला. खण तेवढा वाचला. तो कापड म्हणून कागदावर चढवला आणि त्याची ड्यूटी भरली. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला शिकवलेली ओटी मी अशी खात्यांखात्यांत वाटून टाकत होते.

‘हे असतं कशासाठी?’ तपासनीस बाईने हातमोज्यातल्या दाण्यांकडे बघत विचारलं.

मी सांगितलं की बाईला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पदरात धान्य घालतात. तुझं घर भरलेलं राहू दे, असं म्हणायची ती रीत आहे.

‘आमच्याकडे लग्नात नवरीवर तांदूळ उडवतात,’ ती म्हणाली. ‘माझ्या केसांतून दोन दिवस निघत होते.’ आणि पुन्हा पुढचा डबा उघडला.

काम आटपत आलं तरी प्रमिलाताईंची हमी आली नव्हती. मजकूर मी आदल्या दिवशीच पाठवला होता. त्यांनी फक्त ‘हो’ लिहायचं होतं. मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, तरी त्या माजघरात जाग्या बसल्या होत्या, मागे तांदळाची कोठी.

‘ताई, तो “हो” तेवढा पाठवा. साड्या सुटतात.’

‘नाई पाठवत,’ त्या म्हणाल्या. ‘येऊ द्या साड्या वापस. दुकान बंद करतो मी.’

मी भडकलेच. ‘काहून? मूठभर तांदळासाठी? गल्लीतल्या मागांचं काय? त्या विणकरांना काय सांगाल?’

त्यांनी मागे वळून कोठीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाल्या, ‘ताई, आमचे मालक गेल्यापासून या गावात माझ्या हातची ओटी कोणी घेत नाई. माझ्या सख्ख्या भाचीचं डोहाळजेवण झालं. सकाळपासून सयपाक मी केला. आन ओटी भराच्या वेळी मले म्हणे, मावशी, तुमी आत बसा. मी आत बसली.’

मी गाडीच्या काचा वर केल्या.

‘मंग हे दुकान सुरू झालं. पयल्या साडीच्या डब्ब्यात मी हळूच ओटी भरली. म्हटलं, त्या बाईले कुठं माहीत मी कोण आहे! तिनं घेतली. मंग दुसरीनं घेतली. इतक्या बाया झाल्या, कोणी वापस नाई केली. पैशासाठी दुकान काढलं हे खरं आहे जी. पण टिकलं ते ह्याच्यावर. आता तुमी म्हणता, दाणा नाई घालाचा असं लिहून द्या. मी खोटं लिहून नाई देणार. डब्बा बंद करताना माझा हात जाईनच कोठीत.’

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तीस-एक वर्षं मी लोकांच्या मालाला नावं देत आले, आणि या बाईने नेमकं काय पाठवलं होतं ते आत्ता मला कळत होतं. ते मी सकाळपासून झटकून पिवळ्या पिशवीत भरलं होतं. कायद्याने मी बरोबरच होते, तरी मला फार वाईट वाटलं.

‘प्रमिलाताई,’ मी म्हटलं, ‘माझी ओटी भरा.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे आत्ता. इथे. कोठीतून तांदूळ घ्या.’

‘तुमचे मालक आहेत ना? तुमाले चालन?’

‘मी मागून राहिली ना!’ माझ्या तोंडून नागपूर बाहेर पडलं. ‘घ्या लवकर, ती बाई आत थांबली आहे.’

मी गाडीतून उतरले. फोन बॉनेटवर काचेला टेकवून उभा केला. पँट घातलेली, पदर कुठला आणू? अंगावरच्या त्या नारिंगी जाकिटाची खालची दोन टोकं धरली आणि फोनसमोर पसरली. तिकडे प्रमिलाताई उठल्या, हात धुऊन आल्या, डोक्यावर पदर घेतला. ताट पुढ्यात ठेवलं. ओंजळ भरून फोनजवळ आणली आणि ताटात सोडली. दाणे पडल्याचा आवाज डॅलसच्या त्या पार्किंगमध्ये स्वच्छ ऐकू आला. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा सोडली. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. एक ट्रकवाला आपला ट्रक थांबवून माझ्याकडे बघत होता. बघू दे, म्हटलं. पाचव्या ओंजळीला त्यांना रडू आवरलं नाही आणि मला तर कधीचंच आवरत नव्हतं. मी जाकिटाची टोकं दुमडली आणि वाकून नमस्कार केला. त्या वयाने माझ्याहून लहान आहेत, हे मला नंतर आठवलं.

‘पोचली?’ त्यांनी विचारलं.

‘पोचली.’

त्यांनी नाक पुसलं, पदर खोचला आणि व्हिडिओत साडी दाखवतानाच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘मंग लिहा. एक दाणा येणार नाई, माझा शब्द आहे. पण ज्या बाईले ओटी पाहिजे, तिनं साडी मिळाली का मले फोन कराचा, असंबी लिहा.’

दुसऱ्याच मिनिटाला फोनवर त्यांचा ‘हो’ आला. मी आत गेले. पहिलं वाक्य हमीपत्रात आलंच होतं. दुसरं वाक्य सरकारी कागदात बसण्यासारखं नव्हतं, म्हणून ते तपासनीस बाईला तोंडी सांगितलं, बाहेर मी काय करत होते त्याच्यासकट. तिने खिडकीतून सगळं पाहिलंच होतं. ती कॉम्प्युटरकडे वळली आणि साड्यांवरचा अटकाव उठवला.

हातमोजे काढता काढता तिने मला विचारलं, ‘साडी घेतली नाही, तरी त्या फोन उचलतील का?’